जपून ठेवलेली कीड

कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसांत शरयूला पॉटलकला, म्हणजे एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायला, बोलवायचं तर आधी सगळ्यांनी दात घासून बसायचं. हातातली प्लेट खाली ठेवायच्या आत ही बाई समोरच्याच्या तोंडात डोकावायची. "निमिषला झोपताना ज्यूस देतेस ना, रत्ना? दिसतंय." माझ्या मुलाबद्दल, माझ्याच घरी, बारा लोकांसमोर! मला तिचा भयंकर राग यायचा. राग यावा अशीच ती होती, आणि वर बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं.

ही दातांची डॉक्टर. नागपुरात सहा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला होता. कुमारशी लग्न करून २००१ मध्ये इथे आली आणि व्हिसावर 'डिपेंडंट' झाली. पुढे कामाची परवानगी मिळाली तेव्हा एका डेंटिस्टकडे असिस्टंट म्हणून लागली. म्हणजे दुसऱ्यानं दाढ कोरायची आणि हिनं थुंकी ओढणारी नळी धरून उभं राहायचं. आपल्याहून दहा वर्षांनी लहान पोरगा दाढ चुकीची भरताना बघूनही गप्प बसायचं. घरी आली की तो सगळा राग आमच्या दातांवर निघायचा.

तिथलंच एक जेल तिनं आम्हा सगळ्यांच्या गळ्यात मारलं. दुधातून काढलेल्या प्रथिनाचं, कॅल्शियम आणि फॉस्फेट असलेलं. दात घासून झाले की बोटानं लावायचं, जास्तीचं थुंकायचं, पण चूळ भरायची नाही. आता मराठी माणसाला चूळ भरू नको म्हणून सांगायचं! पोरं तिला 'नो-चूळ मावशी' म्हणायची आणि आम्ही ते ऐकून हसायचो. पण वर्षभरात निमिषच्या दातांवरचे पांढरे डाग गेले, आणि माझ्या दाढेतली नुकती सुरू झालेली कीड होती तिथेच थांबली.

इथे स्वतः डॉक्टर म्हणून काम करायच्या लायसन्ससाठी तिची एकच परीक्षा राहिली होती. ती खऱ्या पेशंटवर द्यायची असते आणि पेशंट आपला आपण आणायचा असतो. कीड दोन दाढांच्या मध्ये हवी, एक्स-रेत दिसायला हवी, वरचं कवच भेदून जराशी आत गेलेली हवी, पण नसेच्या जवळ नको. शरयूनं ओळखीतली सगळी तोंडं धुंडाळली. जिथे जिथे कीड सुरू झाली होती, तिथे तिनंच जेल लावायला लावून ती थांबवली होती. "भोग आता," असं मी तिच्या तोंडावर म्हणाले आणि खो खो हसले. २००७ च्या एप्रिलमध्ये परीक्षा झाली नाही तर तिच्या पास झालेल्या लेखी पेपरांची मुदत संपणार होती आणि पहिल्यापासून सगळं करावं लागणार होतं, हे मला माहीत होतं. तरीही हसले.

आदल्या नोव्हेंबरात तिची आई सहा महिन्यांसाठी आली. शोभनाकाकू. शरयूनं कामावर नेऊन त्यांचा एक्स-रे काढला आणि घरी येऊन स्वयंपाकघरात अक्षरशः नाचली. वरच्या डाव्या दाढेत हवी तशी, हवी तेवढी कीड! "आई, एवढी कीड जप हं माझ्यासाठी," ती हसत म्हणाली. काकूंच्या बाकी सगळ्या दातांना ती रोज स्वतः जेल लावायची, ती एक दाढ सोडून. साऱ्या गावाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईनं जन्मदात्या आईचा एक दात परीक्षेसाठी किडत ठेवला. एप्रिलपर्यंत त्यात फार फरक पडत नाही, असा तिचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

तोंड उघडलं ते मी. एकदा फिरायला गेलो असताना म्हणाले, "काकू, तुमच्या लेकीचं जेल भारी आहे. माझी कीड बसलीच की!"

काकू थबकल्या. "बसते? म्हणजे नाहीशी होते?"

"होते की," मी ठोकून दिलं. थांबणं वेगळं आणि नाहीसं होणं वेगळं, एवढं सांगायचे कष्ट मी घेतले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी काकूंची दुभाषी म्हणून मला आत घेतलं. शरयूला पेशंटबरोबर त्या खोलीत यायची परवानगी नव्हती. परीक्षकानं विचारलं, ही दाढ दुखते का? मी मराठीत विचारलं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "नाही म्हण, रत्ना. काही झालं तरी नाहीच म्हण."

मी नाही म्हणाले. त्यानं दाढेवर हवेचा फवारा मारला. काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं नवीन एक्स-रे काढला. कीड थेट नसेपर्यंत पोचली होती. पेशंट नामंजूर. दुसरा पेशंट नव्हता, त्यामुळे परीक्षाही संपली.

गाडीत बसल्यावर शरयूनं विचारलं, "आई, कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही गं."

"आई!"

"संक्रांतीपासून," काकू म्हणाल्या. "दुपारी आडवी झाले की त्या दाढेपाशी गुळाचा खडा ठेवायचे. ते जेल पसरून तिथे लागलं आणि कीड बसली तर? तू जप म्हणाली होतीस."

मी गाडी सुरू केली. जेलनं कीड नाहीशी होते हे त्यांना मी सांगितलं होतं, आणि ते कबूल करायची माझी हिंमत झाली नाही.

"अडाणी आहेस तू!" शरयू किंचाळली. "सहा वर्षं घालवलीस माझी! तुला आणायलाच नको होतं."

काकूंनी दुखऱ्या गालावर पदर दाबून धरला आणि घाबरत घाबरत विचारलं, "कीड कमी पडली का गं? आधी सांगायचंस, मी आणखी वाढवली असती."