सोबत दोन प्रती

पासष्टाव्या वर्षी मी एक मोठा मूर्खपणा केला. आजच्या मानाने तेव्हा मी लहानच होते, स्वतःला फार शहाणी समजायचे.

मणिबेलीच्या एका म्हातारीने सांगितलेले, नदीबद्दलचे तिच्या बोलीतले शब्द आम्ही काहीजणी संगणकावर उतरवत होतो. गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं, पाठोपाठ म्हातारीही गेलेली. शब्द माझ्या सुनेच्या नंदुरबारच्या सर्व्हरवर होते आणि कुणी काय बदललं याची तिथे नोंद राहायची. मला खांडबाऱ्याच्या घरून त्यात शिरता यावं म्हणून सुनेने किल्लीच्या दोन फाइली बनवायला लावल्या. उघडी तिला पाठवायची, आत शिरायला लागणारी गुप्त स्वतःजवळ ठेवायची.

माझी हयात शाळेच्या कारकुनीत गेली. एकच प्रत जोडली की अर्ज परत येतो, हे अंगात भिनलेलं. मी दोन्ही फाइली जोडल्या आणि "सोबत दोन प्रती" असं लिहून आमच्या भल्यामोठ्या ग्रुपवर टाकल्या.

सुनेचा लगेच फोन आला. "आत्याबाई, काय करी बठनात हो तुम्ही! आता कोणीही तुमच्या नावाने आत जाऊन शब्द बदलू शकतं."

तिने माझी किल्ली रद्द केली. दोन दिवस आम्ही एकेक शब्द नोंदींशी ताडून पाहिला, कारण चुकला तर विचारायला म्हातारी उरली नव्हती. सगळे शाबूत होते.

म्हातारीची नात आमच्यातच काम करायची. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, गाव बुडू नये म्हणून आजीनेपण कचेरीत सगळे कागद दोन प्रतींत दिले होते."