थोरली जाऊ आणि माझे अकरा मांडलिक

माझ्या थोरल्या जावेला मी एकदा कॉम्प्युटरच्या एका खेळातल्या नकाशावर हुडकून काढलं होतं. डोंगरापलीकडचा, तीन किल्ल्यांचा धनी असलेला एक मोठा सरदार. तो खेळ जुन्या काळातल्या राज्यांचा होता. आपण राजा व्हायचं आणि लढायांपेक्षा जास्त वेळ हाताखालचे मांडलिक सांभाळण्यात घालवायचा. माझ्याकडे अकरा होते. कोण खूश, कोण नाराज, हे प्रत्येकाच्या नावापुढे आकड्यात दिसायचं. या सरदाराचा आकडा कायम वजा. तोंडावर मुजरा करायचा आणि सैन्य मागवलं की निम्मंच पाठवायचा. हीच ती, असं मी ठरवून टाकलं.

हे दोन हजार चारच्या आसपासचं. गंगापूर रोडच्या पुढे आमचा फुलांचा मळा होता. घरात तीन भाऊ, तीन जावा, आणि सासूबाई गेल्यापासून सगळा कारभार थोरलीच्या हातात. मी धाकटी, डी.एड. झालेली. कॉम्प्युटर नवऱ्याने कसल्याशा क्लाससाठी घेतला होता. क्लास महिन्याभरात सुटला, खेळाची सीडी तेवढी मागे राहिली. दुपारी दोन ते चार थोरली झोपायची. ते दोन तास माझे.

आता तिनं काय केलं ते सांगते. गंगापूर रोडवरच्या एका शाळेत मी शिक्षिकेसाठी अर्ज दिला होता. मुलाखतीचा निरोप घेऊन शाळेचा शिपाई घरी आला, तेव्हा मी मळ्यात होते. थोरलीनं त्याला दारातूनच सांगितलं, "तिला दिवस गेलेत. नोकरीबिकरी आता कुठली?" मला यातलं काही माहीत नव्हतं. पंधरा दिवस वाट पाहून मी स्वतः शाळेत गेले, तर मुख्याध्यापिका बाईंनी हसून माझं अभिनंदन केलं आणि काळजी घ्यायला सांगितलं. जागा भरली गेली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती, हे थोरलीला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी घरी आले, भाकरी केल्या, सगळ्यांना वाढल्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, मोठी आहे ती." त्या दिवसापासून मी दात धरून बसले.

दुसऱ्याच दुपारी मी त्या सरदाराचा एक किल्ला सरळ काढून घेतला. राजाला तसा हुकूम देता येतो. पण बाकीचे दहाही मांडलिक भडकले. आज त्याचा किल्ला गेला, उद्या आपला जाईल, असं त्यांना वाटलं. चार वाजायच्या आत माझं राज्य बुडालं. थोरली उठून चहा मागत होती आणि मी पदच्युत होऊन गॅस पेटवत होते.

मग मी शब्दकोश घेऊन खेळाबरोबरची माहिती वाचून काढली. मोठा सरदार स्वतःच्या जिवावर मोठा नसतो. त्याच्या हाताखाली लहान लहान गढीवाले असतात, ते त्याचं ऐकतात म्हणून तो मोठा. त्याला बोटही लावायचं नाही. गढीवाल्यांना एकेक करून भेटी द्यायच्या, त्यांच्या अडचणीला उभं राहायचं. ते आपल्याकडे वळले की सरदार आपोआप पोकळ होतो. नवा डाव मांडून, दोन महिन्यांच्या दुपारी खर्ची घालून मी त्याला पोकळ केलं. मग थोरलीकडे वळले.

आमच्याकडे पद्धत अशी, की दसऱ्याच्या आधी झेंडूची तोडणी सुरू करताना घरातल्या कारभारणीनं पहिलं फूल खुडायचं. तोवर कुणीही झाडाला हात लावायचा नाही. थोरलीचं राज्य त्या एका फुलावर उभं होतं.

मधल्या जावेला ती दिवाळीत माहेरी दोन दिवसांवर राहू द्यायची नाही. मी मधलीची कामं अंगावर घेतली आणि तिला आठ दिवस पाठवलं. तोडणीच्या बायांच्या पोरांचे शाळेचे फॉर्म भरले, रेशनकार्डात राहिलेली नावं घालून आणली, एकीच्या सासूला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. थोरलीशी कधी चढ्या आवाजात बोलले नाही. उलट रोज तिच्या पायांना तेल चोळून दिलं. चोळताना मनात काय यायचं ते लिहिण्यासारखं नाही. असं वर्ष गेलं.

पुढच्या दसऱ्याच्या तोडणीला, सकाळी सातला, थोरलीनं पदर खोचून पहिलं फूल खुडलं. वीस-बावीस बाया पाट्या घेऊन उभ्या होत्या. एकही हलली नाही.

"लागा की," थोरली म्हणाली.

त्यातली वयानं मोठी बाई माझ्याकडे वळली. "वहिनी, तुमी खुडा. मंग लागतो आमी."

मधली खाली बघत होती. मी लगेच खुडलं नाही. मी पदराला हात पुसले, बांधावरची पाटी उचलली, परत ठेवली. बाजारात जाणारा टेम्पो उभा होता, थोरलीचा चेहरा उतरत चालला होता, आणि मला ते पुरतं बघायचं होतं. शेवटी तीच म्हणाली, "खुड बाई तू." तेव्हा खुडलं. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलेलं नाही.

दिवाळीआधी तिनं किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि थोरल्या भाऊजींना घेऊन शहरात आपल्या मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेली. ती भांडेल अशी माझी तयारी होती. ती भांडलीच नाही.

खेळातली एक गोष्ट मी धड वाचलीच नव्हती. राजा आणि गढीवाले यांच्यामधला सरदार गेला की त्याचे सगळे गढीवाले थेट राजाच्या दारात येतात. पोराचा दाखला, सासूचं औषध, मधलीचं माहेर, सगळं मलाच विचारून होऊ लागलं. दुपारचे दोन तास संपले. जूनमध्ये त्याच शाळेत पुन्हा जागा निघाली आणि शिपाई आला, या वेळी मुलाखतीचा निरोप माझ्याच हातात पडला. रोपांची लावण चालू होती, बाया सरीत उभ्या राहून मी काय सांगते याची वाट बघत होत्या. मी त्याला जमणार नाही म्हणून सांगितलं.

थोरलीला हे कळलं. आषाढात ती भेटायला आली, अंगानं भरली होती, केसांना मेंदी लावली होती. ती ओसरीवर बसली.

"तेव्हा मी खोटं बोलले ते तुला लागलं, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण तू शाळेत गेली असतीस, तर हे कुणाच्या गळ्यात घातलं असतं मी? मधलीला झेपलं नसतं."

ती खरं बोलली की हरल्यावर तोंड राखायला बोलली, ते मला आजही सांगता येत नाही. मी तिला चहा विचारला नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.