बँकेतून उठून आलो तेव्हा

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. खाली पॉवरलूम, वाढत वाढत बारा झालेले, आणि वर आम्ही, असा संसार एकवीस वर्षं चालला. त्या खडखडाटात मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं. बायको सरकारी शाळेत शिकवते. हेडमास्तर तिला एकदा म्हणाले होते, "मॅडम, जरा हळू. बाजूच्या वर्गातली पोरं तुमचाच पाठ लिहून घेतात."

गाव हिंदी मुलखातलं, त्यात सिंधीपुऱ्याच्या अलीकडे आमची गल्ली. घर मी बांधलं. वडिलांकडून मला एक सायकल मिळाली, तीही पंक्चर. दुसऱ्याच्या मागावर मजुरी केली, मग दोन माग भाड्यानं घेतले, मग स्वतःचे चार. खालचा मजला मागांसाठी आधी उभा केला आणि पाच वर्षं त्याच्याच कोपऱ्यात आम्ही चूल मांडून राहिलो. वरच्या दोन खोल्या नंतर चढवल्या, त्या बायकोच्या पगारावर. हे ती कधी बोलून दाखवत नाही. कर्जाचं सगळं रामायण झालं तेव्हाही दाखवलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

जुने माग काढून बरे घ्यावेत म्हणून कर्ज काढलं. खरं म्हणजे बँकेनंच मला काढायला लावलं. तेव्हाचा साहेब तीनदा घरी आला, तिन्ही वेळा चहा प्यायला, दुसऱ्या वेळी पोहेही खाल्ले. "तुमच्यासारखी मेहनती माणसं आम्हाला पाहिजेत," म्हणाला. घर तारण लिहून दिलं. त्यावर त्याला बायकोची हमीही हवी होती. हप्ते थकले तर तिच्या पगारातून परस्पर कापायचे, असा तो कागद होता. ती वाचायला लागली तर मीच तिच्या हातात पेन दिलं. "वाचत काय बसली, साहेबाला उशीर होतोय."

पुढे साहेबाची बदली झाली. ज्या व्यापाऱ्याचं सूत घेऊन आम्ही कापड विणून द्यायचो, त्यानं आधी मजुरी थकवली, मग फोन उचलणं सोडलं, मग दुकानाला कुलूप लावलं. मी कोणाचा रुपया बुडवला नव्हता. माझा बुडाला आणि डाग मला लागला. हप्ते चुकत गेले.

नव्या साहेबानं एक दिवस बोलावून घेतलं. तरुण पोरगा, बाहेरगावचा, टेबलावर पाण्याची बाटली आणि एक फाईल, बस. एक पत्र पुढे सरकवून म्हणाला, एकरकमी नऊ लाख भरा, बाकी व्याज आम्ही सोडतो, घर मोकळं. नऊ लाख जमण्यासारखे होते. बायकोच्या पीएफमधून काही, तिच्या मोठ्या भावाकडून काही, चार माग विकून काही. मी मनात आकडा पक्का केला आणि तोंडानं म्हणालो, "सहा."

आमच्या बाजारात पहिला भाव कोणी घेत नाही. घेतला तर समोरच्यालाच वाटतं, आपण कमी सांगितला. दोन-तीन बोल्या झाल्या की उठायचं. पिशवी उचलायची, चपलेत पाय घालायचा, पण पट्टा लावायचा नाही. पट्टा लावला म्हणजे सौदा मोडला. पट्टा लोंबकळत ठेवून चार पावलं चालायचं. तेवढ्यात मागून हाक येते, "अरे शेठ, बैठो तो." ती यायचीच. सव्वीस वर्षं मी सूत, कापड, मागाच्या मोटारी, विटा, लग्नाचा मांडव, सगळं असंच घेतलं. हाक आली नाही असं एकदाही झालं नव्हतं.

साहेब नऊवरून हलेना. मी सातवर आलो. तो फाईलकडे बघून म्हणाला, "अंकल, नौ ही है." मी उठलो, पिशवी उचलली.

"ठीक है अंकल. पत्र में तारीख लिखी है, देख लीजिएगा," असं म्हणून त्यानं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बँकेला अकरा पायऱ्या आहेत. मी एकेक करून उतरलो. खाली सायकलस्टँडपाशी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी चौकीदारानं विचारलं, "कुछ भूल गए क्या?"

घरी आलो तर बायको वह्या तपासत होती.

"काय झालं?"

"नऊ म्हणतो. उठून आलो."

"उठून आले? आणि तारीख कधीची आहे?"

"तारीख असतेच. सौद्यात तारीख दाखवायला असते. फोन येईल त्याचा."

"तो बँकेत नोकरी करतो हो. त्याचं दुकान नाही ते."

"तू शाळा सांभाळ," मी म्हणालो.

फोन आला नाही. मीही केला नाही. करायचा विचार रोज यायचा आणि रोज वाटायचं, आज केला तर तो दहा म्हणेल. तारीख गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. साहेबानं संगणक माझ्याकडे वळवून दाखवला. ती सवलत आता त्यात दिसतच नव्हती. मी तिथे इतका आवाज चढवला की चौकीदार आत आला. तोच चौकीदार.

दोन महिन्यांनी बायकोचा पगार कापून आला. पगार आसपासच्या शाळांच्या संकुल कार्यालयातून निघतो, तिथल्या बाबूनं तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, आपके नाम बँक का कागज आया है." ती घरी आली, पगाराची चिठ्ठी ताटाखाली ठेवली आणि पीठ मळायला बसली. मीच ती उचलून वाचली. वाणी, वीज आणि औषध भागून काहीच उरणार नव्हतं. त्या दिवशी तिनं एक शब्द बोलायला हवा होता. मी तयारी करून बसलो होतो, तिच्या भावाचं, शाळेचं, सगळं काढणार होतो. तिनं विचारलं, "भाकरी दोन करू की तीन?"

मग वसुलीवाले सुरू झाले. दोघे यायचे, मोटारसायकलवरून. त्यांची रीत अशी, की दारात उभं राहून मोठ्यानं बोलायचं, म्हणजे गल्ली ऐकते आणि माणूस शरमेनं पैसे काढतो. मला ती पहिल्याच दिवशी कळली. मोटारसायकल वळणावर दिसली की मी खाली कारागिराला खूण करायचो, बंद असलेले मागही चालू व्हायचे. सूत नसलेला मागही रिकामा धडधडायचा. दारात ते दोघे तोंडं हलवत उभे आणि मी कानाला हात लावून, "काय? जोरसे बोलो." त्यातल्या जाड्यानं शेवटी कागदावर लिहून दाखवलं. मी म्हणालो, "चष्मा वर राहिलाय." बरेच दिवस हे चाललं. वीज फुकट जळत होती, ते मला कळत होतं.

एके दिवशी ऐन दुपारी ते आले आणि तेव्हाच लाईट गेली. बारा माग एकदम थांबले. जाड्या सवयीनं ओरडतच होता. "घर का बोर्ड लगेगा चाचा, लिलाम का! मास्टरनी की तनखा पे कब तक खाओगे?" समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया थांबल्या. मी त्याची कॉलर धरली. बायको शाळेतून येत होती, पिशवी खांद्याला होती. तिनं माझा हात सोडवला आणि त्याला म्हणाली, "पाणी पिणार का? उन्हातून आलात." तो गोंधळला. पाणी प्यायला. गेला.

आठवड्यानं भिंतीवर नोटीस चिकटली. साठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर बँक घराचा ताबा घेईल. मी रोज सकाळी ती परत वाचायचो, जणू आकडा कमी झाला असेल. त्या भिंतीचा गिलावा मी स्वतः केला होता. एक कोपरा अजून फुगलेला आहे, नोटीस नेमकी त्यावर होती.

अर्ज बायकोनं लिहिला. शाळेच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, मला न विचारता. पुन्हा एकरकमीचा विचार करावा, असा. महिनाभरानं बँकेनं बोलावलं. निघताना ती म्हणाली, "आज उठायचं नाही तुम्ही."

साहेब तोच. त्यानं साडेअकरा लाख सांगितले. माझे पाय आपोआप हलले. तिनं टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, वर्गात चुळबुळणाऱ्या पोराला दाबून बसवतात तसा. "मुदत किती दिवसांची?" तिनं विचारलं. मग मुदतीचे दिवस, पावती कशी मिळेल, पगाराची कपात कधी थांबेल, सगळं विचारून लिहून घेतलं. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. साहेब थांबला. मी खुर्चीत बसून राहिलो. इतका वेळ मी कुठल्याच सौद्यात बसलो नसेन.

चार माग विकून आता भागणार नव्हतं. बाराही गेले. घेणारा जुन्या ओळखीचा, त्यानं आठ माग चालू म्हणून घेतले, चार भंगारात किलोच्या भावानं. भंगाराचा भाव त्यानं सांगितला, मी जास्त मागितला, तो हलेना. मी उठलो. चपलेत पाय घातला, पट्टा तसाच. दारापर्यंत गेलो.

"अरे शेठ, बैठो तो," तो म्हणाला. किलोमागे एक रुपया वाढवला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. जरा जोरातच सांगितलं. "बघ, यानं बोलावलं की नाही? माणसं अशी असतात. तो पोरगाही बोलवू शकला असता."

"हो," ती म्हणाली. "यानं बोलावलं त्याचा किलोमागे रुपया. आणि त्यानं बोलावलं नाही त्याचे अडीच लाख."

पीएफ गेला, तिच्या पाटल्या गेल्या, तिच्या भावानं दिले ते अजून द्यायचे आहेत. पैसे मुदतीच्या चार दिवस आधी भरले. घराची कागदपत्रं आणायला मी एकटाच गेलो. साहेबानं सही घेतली आणि म्हणाला, "बैठिए ना अंकल, चाय मँगाऊँ?" मी नाही म्हणालो. मला अजून वाटतं, त्या पहिल्या दिवशी त्यानं एक हाक मारायला हवी होती. नऊवरच राहिला असता तरी मी परत जाऊन बसलो असतो. त्याला ते माहीत नव्हतं, असं बायको म्हणते. मला ते पटत नाही.

कपात लगेच थांबली नाही. आणखी एक महिना पगार कापला गेला, बाबूनं कागद वर पाठवलाच नव्हता. मी भांडायला निघालो होतो. ती म्हणाली, मी जाते.

खालचा मजला आता रिकामा आहे. जमिनीवर तेलाचे काळे चौकोन राहिलेत, सोड्यानं घासूनही निघत नाहीत. एकजण गोदामासाठी भाड्यानं मागतो, भाडं फार कमी सांगतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. बोलायचं मोठ्यानं ते तसंच राहिलंय. काल ती वरून ओरडली, "चहा टाकू का?" मी खालून काही बोलायच्या आत समोरच्या गच्चीवरून शेजारीण म्हणाली, "टाका मॅडम, ते खालीच बसलेत."