सातव्या आठवड्यातले डाग

‘थ्रेटन्ड मिसकॅरेज,’ नाशिकच्या डॉक्टर मॅडम सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. म्हणजे गर्भ आहे, ठोकेही आहेत, पण टिकेल की नाही ते आज सांगता येत नाही. मला सातवा आठवडा होता. आधीची दोन बाळं याच सुमारास गेली होती.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाचं अस्तर टिकवून धरतं. बाळाला पोसणारी वार तयार होईपर्यंत ते अंडाशयातूनच येतं. आधी गर्भपात झालेल्या बाईला रक्त दिसलं, तर ते बाहेरून देऊन फायदा होऊ शकतो. ‘खात्री देत नाही. पण एकही डोस चुकवायचा नाही.’

रोज दोन घ्यायच्या त्या कॅप्सूल उन्हाळ्यामुळे सायखेड्याच्या घरी फ्रीजमध्ये ठेवल्या. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून तीन महिने घरात सांगायचं नाही असं आम्हा नवरा-बायकोचं ठरलं होतं. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, त्या आठवड्यात तिकडेच राहिला होता.

चौथ्या दिवशी पुन्हा डाग. सासूबाईंनी पाहिला. ‘आली का? बस मग बाजूला.’ आमच्याकडे पाळीत स्वयंपाकघरात जात नाहीत, आणि फ्रीज स्वयंपाकघरात. मी बीएस्सी झालेली बाई, तोंडातून शब्द न काढता दोन दिवस पडवीत बसले. चार डोस गेले. आजही स्वतःचा संताप येतो.

तिसऱ्या दिवशी पोटात दुखू लागलं तेव्हा अवसान गळालं. ‘आई, पाळी नाही हो. दिवस गेलेत मला.’ त्या रिक्षा बोलावून स्वतः माझ्यासोबत बसल्या.

दवाखान्यात दीड तास नंबर लागेना. शेवटी मॅडमनी तपासलं, आणि ठोके ऐकू आले. मी हमसून रडले. डोस का चुकले ते सांगताना मान वर करवेना.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘मॅडम, माझी बी पाळी दोनदा लय लांबली व्हती. मग असंच. मी चार-चार दिवस बाहेर बसले. ती पाळी नव्हती का वं?’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘आता सांगता येणार नाही, मावशी.’

माझी मुलगी दीड वर्षाची आहे. ती औषधानेच राहिली असं मॅडमही छातीठोकपणे म्हणत नाहीत. पण बायांनो, दिवस गेलेले असताना रक्त दिसलं तर लाजू नका. घरात सांगा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमच्याकडचं बाजूला बसणं सासूबाईंनीच बंद केलं. माझ्या गेलेल्या दोघांसाठी मी निदान रडले तरी. त्यांना त्यांच्या दोघांची शंका यायलाच तीस वर्षं लागली.