अप्पांच्या गाडीला चेन, बेल्ट की गिअर?

गेल्या महिन्यात एका रविवारी अप्पांच्या गाडीचं इंजिन उघडलं. गॅरेजमध्ये शमीम मिस्त्री, मी आणि प्लास्टिकच्या खुर्चीत काठी धरून बसलेले आमचे तीर्थरूप... वय वर्षं त्र्याऐंशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं घर बनारसला, दूधविनायकावर. तिथल्या गल्लीत सांड आणि स्कूटर समोरासमोर आले की एकाला मागे सरावं लागतं, आणि तो सांड कधीच नसतो... त्यामुळे अप्पांची छोटी गाडी कायम लांब, मोठ्या रस्त्यावरच्या या गॅरेजमध्येच राहिली.

अप्पा रेल्वेच्या कारखान्यात होते, आणि तरुणपणी त्यांना हौशी शर्यतींचं भलतं वेड. चार दारांच्या त्या साध्यासुध्या गाडीचं इंजिन त्यांनी असं काही तयार केलं होतं की ते सात हजार आरपीएमपर्यंत मजेत जायचं. एवढ्या वेगात इंजिनातली मूळची टायमिंगची चेन फडफडते आणि व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चुकायला लागते. म्हणून त्यांनी चेन काढून क्रँकपासून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत तीन गिअर बसवले... कारखान्यातल्या दोस्तांकडून खास घडवून घेतलेले.

त्या गिअरचा एक आवाज होता. बारीक, चढत जाणारा... शाळा सुटली की रस्त्याच्या पार त्या टोकाला तो ऐकू यायचा आणि मला कळायचं, अप्पा घ्यायला आलेत. माझं अख्खं लहानपण त्या आवाजात आहे.

आता ते गिअर झिजले होते. नवं काय बसवायचं, यावर मिस्त्रींचं मत ठाम होतं. "बिटिया, चेन डलवा लीजिए. अब बाऊजी को कौन सी रेस लगानी है?"

मी या विषयावर वर्षभर वाचलं होतं. बेल्ट हलका, शांत, वेळेला पक्का... फक्त तेलापासून जपायचा आणि ठरावीक काळानं बदलायचा. गिअर कधी सैल पडत नाहीत, पण गोंगाट करतात आणि क्रँकची थरथर थेट कॅमशाफ्टला पोचवतात. डोकं सांगत होतं बेल्ट. आणि मी, जन्मभर पोरांना मेकॅनिकल शिकवलेली बाई, गिअरच घालायचे असं ठरवून आले होते.

कारण आई गेल्यापासून तीन वर्षं अप्पा गाडीत बसलेच नव्हते. विचारलं की "पाहू" म्हणायचे. तो जुना आवाज परत घुमला की बसतील, एवढीच माझी आशा.

कव्हर निघालं. मिस्त्रींनी मधला गिअर पुसून माझ्या हातात दिला. एका दातावर टायमिंगची खूण, पंच मारलेला ठिपका. आणि त्यापासून दोन दात पलीकडे... कोरलेली एवढीशी चंद्रकोर.

मला हसूच फुटलं. हे गिअर पहिल्यांदा घरी आले ते नेमके नवरात्रात. इथल्या गॅरेजांत यंत्रांची पूजा विश्वकर्मा पूजेला होते, आमच्याकडे दसऱ्याला. तेव्हा पंचचा ठिपका नव्हता, अप्पांनी टायमिंगच्या दातांवर नुसता लाल रंग लावून ठेवला होता. आईनं गिअर ताम्हनात मांडायच्या आधी ते घासूनपुसून लखलखीत केले आणि तिला बरं दिसेल तिथे कुंकू लावलं.

अप्पांनी दुसऱ्या दिवशी त्या कुंकवावर जुळवून इंजिन बांधलं... दोन दिवस गाडी नुसती खोकत होती. कार्बोरेटर तीनदा उघडून झाला, तेव्हा कुठे उलगडा झाला. अप्पा भडकले, तर आई शांतपणे म्हणाली, "मला काय ठाऊक, आपला लाल रंग देवाच्या कुंकवापेक्षा मोठा आहे म्हणून."

हा किस्सा घरात शंभरदा सांगून झालाय. पण त्या चुकलेल्या दातावर अप्पांनी आईच्या कपाळावरची चंद्रकोर कोरून ठेवली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मी गिअर अप्पांच्या हातात दिला. म्हटलं, "अप्पा, असेच नवीन घडवून घेऊ. आवाज तोच राहील."

अप्पा बराच वेळ चंद्रकोरीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेल्ट लाव."

"बेल्ट? का?" मी विचारलं.

"तुझ्या आईला तो आवाज सोसायचा नाही. शेजारी बसून बोलायची बिचारी, मला काही ऐकूच यायचं नाही. मी आपली मान हलवायचो. पुढे तिनं गाडीत बोलणंच सोडलं. दर दसऱ्याला म्हणायचो, यंदा ही झंझट काढून टाकतो..."

मिस्त्री उगाचच पुसलेले नटबोल्ट पुन्हा पुसत बसले.

मला आठवलं, मी मागच्या सीटवर असायचे आणि आई सतत खिडकीबाहेर बघत असायची. तिला रस्ता बघायला आवडतो, असं मी इतकी वर्षं समजत होते. ज्या आवाजावर मी जीव टाकला, त्यात तिचं बोलणं बुडालं होतं... वाईट वाटलं, खरंच.

मिस्त्रींनी तीन आठवडे खपून बेल्टसाठी वेगळं, कोरडं कव्हर बसवलं. तो मधला गिअर आता आमच्या देवघरात आहे.

काल सकाळी गाडी युनिव्हर्सिटीच्या रुंद रस्त्यावर काढली. मी चालवायला, आणि अप्पा डावीकडे, आईच्या सीटवर... तिथे ते आयुष्यात पहिल्यांदाच बसले. आधी विचारलं, "इंजिन चालू आहे ना गं?" मग थोडं पुढे गेल्यावर स्वतःशीच म्हणाले, "हळू बोललं तरी ऐकू येतंय."

आणि मग ते बोलतच राहिले. गंगेचं पाणी किती चढलंय, शेजारच्यांच्या सुनेला मराठी कुठवर जमलंय, यंदा लोणचं खारट का झालं... सगळं आई बोलायची तसलं.

मी मान हलवली नाही. एकेका गोष्टीला उत्तर देत गेले.