चार बोटं उघडा गोट

अंबूबाईच्या हाताला चव होती, पण ती स्वयंपाकात. सुईदोऱ्यात तिच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, हात धरणारं शिवाजी पेठेत कुणी नव्हतं, आणि हे अंबूबाई स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवायला टाकायची तर आक्काकडंच.

वाकळ शिवणं म्हणजे नुसता धावदोरा घालत जाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा काठाचा गोट लावून बघावा. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या तिरक्या कापायच्या, एकीला एक जोडून लांब करायच्या आणि वाकळेच्या चारी कडांवरून दुमडून शिवत न्यायच्या. फिरून पहिल्या जागी आलं की सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक समोरासमोर येतात. तो शेवटचा जोड खरा वैरी. पट्टी लांब राहिली तर काठ फुगतो, आखूड पडली तर वाकळ गोळा होते, आणि टोकं सरळ जोडली तर तिथं गाठ बसते, ती झोपेत हनुवटीला टोचते. आक्का टोकं तिरकी कापायची, माप नुसत्या डोळ्यानं घ्यायची आणि असा जोड घालायची की नंतर तो तिचा तिलाही सापडायचा नाही. गल्लीतल्या बायका पैज लावून शोधायच्या आणि हरायच्या.

ब्याण्णव साली आक्काचा नवरा गेला. पोरबाळ नव्हतं, म्हणून अंबूबाईनं तिला आपल्याकडं आणलं. अंबूबाईचा नवरा पिराजी मनानं मोठा माणूस, त्यानं हूं की चूं केलं नाही. दोघी बहिणी सोप्यात बसून वाकळा शिवू लागल्या. दोन महिन्यांनी मंगळवार पेठेतल्या चिमणाबाईनं लेकीच्या लग्नाची वाकळ शिवायला दिली.

लग्नाच्या वाकळेची एक रीत होती. शेवटचा जोड सवाष्णीनं घालायचा आणि त्या जागी हळदीकुंकवाचं बोट लावायचं. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं, मोडायची छाती मात्र कुणाचीच नव्हती.

चिमणाबाई वाकळ न्यायला आली तेव्हा गोट चार बोटं उघडा होता. ती उंबऱ्याजवळ चहा पीत बसली. सुई बोटांत धरूनच आक्कानं नेहमीसारखी कात्री उचलली, टोकं कापायला घेतली. चिमणाबाई काही बोलली नाही, कदाचित तिचं लक्षही नसेल. पण अंबूबाईनं पुढचं सगळं मनात रंगवलं. ही बाई आता काही बोलली तर, वाकळ तशीच टाकून गेली तर, उद्या त्या पोरीचं काही वाईट झालं तर. तिनं पुढं होऊन आक्काच्या हातातली सुई काढून घेतली.

"आक्का, येवढं मी घालतो. तू चा घे जा."

आक्कानं सुई सोडली, मागोमाग कात्रीही दिली आणि ती चहा घ्यायला उठली.

पुन्हा तिला कधी सांगावं लागलं नाही. गोट चार बोटं उरला की आक्का सुई कापडात टोचून ठेवायची आणि पाणी भरायला जायची. पुढं पुढं ती साध्या, घरच्या वाकळांचाही जोड सोडू लागली. अंबूबाईनं विचारलं तर म्हणाली, लग्नाची कुठली आणि घरची कुठली, ध्यानात कोण ठेवतंय. अंबूबाईच्या जोडाला गाठ यायची. गिऱ्हाईक कुरकुरत नसे, पण वाकळ घडी करताना अंबूबाईचा अंगठा बरोबर त्या गाठीवर जायचा आणि तिला शरम वाटायची. शरम वाटायची, आणि तरी ती गप्प बसायची. असल्या गप्प बसण्यात अकरा वर्षं हां हां म्हणता गेली.

दोन हजार तीनमध्ये पिराजी फुटबॉलची मॅच बघून घरी आला, पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत संपला. त्याची लेक वर्षाराणी हिचं लग्न ठरलेलं होतं, ते वर्षभर पुढं ढकललं. लग्न जवळ आलं तशी दोघी बहिणींनी तिची वाकळ शिवायला घेतली. तांबड्या गोटाची, हातभर रुंद चौकडे घातलेली अशी वाकळ आक्कानं जन्मात शिवली नव्हती. सवयीनं ती चार बोटं सोडून उठली, आणि वाकळ तशीच कॉटवर पडून राहिली.

गल्लीतच अंबूबाईची जाऊ राहायची. बाई सवाष्ण, आणि प्रेमळ. ती आपणहून येऊन म्हणाली, "उद्या मी येऊन जोड घालतो. तुमी हात लावू नगासा."

बिचारीनं भल्यासाठीच सांगितलं. पण अंबूबाईच्या हातातून सुई ओढून घेतल्यासारखंच ते झालं. स्वतःच्या पोटच्या पोरीच्या वाकळेला हात लावायचा नाही. तेव्हा तिला कळलं की आक्का त्या दिवशी चहा घ्यायला उठली नव्हती, तिला उठवलं होतं. दोन दिवस अंबूबाई वाकळेकडं फिरकली नाही. भीती तर खरीच होती. लेकीच्या कपाळाशी खेळ कोण करील? वर्षाराणीनं मात्र सरळ सांगून टाकलं, की तुम्ही दोघींपैकी कुणी जोड घातला तर ठीक, नाहीतर वाकळ उघडीच नेईन. जावेला काहीतरी सांगून अंबूबाईनं परत लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंबूबाईनं सुईत दोरा ओवला आणि ती आक्कासमोर धरली. "जोड तू घाल."

आक्कानं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "माझ्या हातचा चालंल?"

"चालंल."

आक्कानं वाकळ मांडीवर ओढली. टोकावर टोक ठेवलं, डोळ्यानं माप घेतलं आणि तिरकं कापलं. मग टोकं जुळवायला गेली तर मधे दोन बोटांची फट. ओढून बघितलं, तर वाकळ गोळा झाली. जिनं कधी दुसऱ्यांदा मापलं नाही तिनं तीन वेळा मापून बघितलं. फट तेवढीच राहिली.

"बारा वरसं झाली, अंबू," ती म्हणाली. "हात इसरला."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर अंबूबाईनं त्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

तांबडं लुगडं तर संपलं होतं. चिंध्यांच्या गाठोड्यात एक निळा तुकडा मिळाला, तोच फटीत बसवायचा ठरला. एका जोडाचे दोन जोड झाले. एका बाजूनं आक्का शिवू लागली, दुसऱ्या बाजूनं अंबूबाई, आणि जागा एवढी थोडी की दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. वाकळ कुणी उलगडली की तो निळा तुकडा आधी दिसणार होता.

अंबूबाईनं मान वर केली नाही. "आक्का, त्या दिवशी चिमणाबाई काय बोलली नव्हती. सुई मीच काढून घेटली."

आक्कानं टाका घातला, दातानं दोरा तोडला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी तितंच बसलोतो की."