टेलरबाईंची दुसरी ट्रायल

राजाचा अंगरखा काखेत आवळत होता, म्हणून एकदा आमच्या नाटकाचा पडदा अर्धा तास उशिरा उघडला. शुभारंभाचा प्रयोग होता. बाहेर प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले होते, आणि त्या काही कौतुकाच्या टाळ्या नव्हत्या. मालक विंगेत थयथयाट करत होते. राजा मी होतो, आणि माझ्या काखेपाशी तोंडात टाचण्या धरून आमच्या नाटक कंपनीच्या टेलरबाई उभ्या होत्या.

"बाई, सोडा त्याला! काख बघायला येतं का कुणी?" मालक ओरडले.

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. "तिसऱ्या अंकात राजा शाप देतो. हातच वर गेला नाही तर शाप लागणार कसा?"

शाप लागला. नाटक दोनशे प्रयोग चाललं. बाईंचा नियम मात्र जगजाहीर झाला: आधी कच्ची शिलाई, मग पहिली ट्रायल, मग उसवणं, मग दुसरी ट्रायल, आणि त्यानंतरच पक्का टाका. माणसाने कपडा घालून, हात हलवून, चार पावलं चालून बघितल्याशिवाय तो 'झाला' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

कंपनी मोडून जमाना झाला. आता टेलरबाई शहात्तर वर्षांच्या आहेत आणि माझ्यापासून चार घरं सोडून राहतात. पुढच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन, मागच्या खोलीत थोरल्या बहिणीची खाट. अक्कांचं वय त्र्याऐंशी, छातीचा त्रास जुना आणि जिभेची धार त्याहून जुनी. त्या खोलीची मागची भिंत म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात थंड भिंत. थंडीच्या दिवसांत तिच्यावर हात ठेवला तर हात आपला की परक्याचा ते कळत नसे.

अशात सरकारची योजना आली. म्हाताऱ्या माणसांची घरं फुकटात उबदार करून देणार. भिंतींना आतून फोमचे तक्ते, वर पांढरा गिलावा, दुहेरी काचेच्या खिडक्या, फटी बंद. पहिल्या खेपेत सहा घरं, त्यात बाईंचं. त्या सहा जणांनी काम पूर्ण झाल्याच्या फॉर्मवर सही केली की दुसऱ्या खेपेत आम्ही उरलेली नऊ. थंडीने आखडणारे माझे गुडघे त्या नऊ घरांत होते, हे आधीच कबूल करतो.

चार दिवसांत काम झालं. घर कसं लखलखीत दिसायला लागलं! पाच घरांनी लगेच सह्या दिल्या. ठेकेदार बाईंच्या दारात पेन उघडून उभा राहिला.

"फक्त इथे, बाई. 'पूर्ण समाधानी'च्या खाली."

"ट्रायल कधी आहे?"

"कसली ट्रायल? भिंत आहे ती. ब्लाउज नाही."

"ब्लाउज बिघडला तर बदलता येतो. पंधरा दिवसांनी या."

पंधरा दिवसांनी अक्कांच्या कपाटामागे काळे ठिपके उठले. महिन्याभरात ते खाटेच्या डोक्याशी आले. खोलीला ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला आणि अक्कांचा खोकला थांबेना. पूर्वी त्यांना गारठ्याने खोकला यायचा. आता खोली थोडी उबदार, आणि खोकला दुप्पट.

ठेकेदार आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्याने नाक मुरडत चौकशी केली. "खोलीत कपडे वाळवता? चहा उकळता? माणसं नीट वागत नाहीत आणि नावं कामाला ठेवतात. सगळी वाफ तुमचीच आहे."

खाटेवरून अक्का म्हणाल्या, "मी श्वासपण घेते हो. तो बंद करू का? मग मिळेल तुम्हाला सही?"

सही राहिली. दुसरी खेप अडली. गल्लीत कुजबुज सुरू झाली: एका बाईच्या हट्टापायी नऊ घरं कुडकुडतायत. शेवटी शेजाऱ्यांनी मला पाठवलं. तुमचं त्या ऐकतील, म्हणाले, शिवाय तुम्हाला बोलता येतं. मी शाल नीट घेतली, घसा साफ केला आणि बाईंच्या पुढच्या खोलीत उभा राहून त्याग, शेजारधर्म आणि माझे गुडघे या तीन विषयांवर असा बोललो की थिएटर असतं तर माणसं उठून उभी राहिली असती.

बाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या. दोरा तोडून म्हणाल्या, "झालं का, राजे? आता आत या. आणि हात द्या."

त्यांनी माझा हात उलटा धरून भिंतीवरून फिरवला. "तळव्याने नाही कळत. मागच्या बाजूने बघा." कोरडं, कोरडं, मग कोपऱ्यात एकदम बर्फ. मी हात मागे घेतला. बाईंनी खडूने तिथे वळसा काढला. मग माझ्या लक्षात आलं, ती सगळी पांढरी भिंत कपड्याच्या निळ्या खडूने आखलेली होती. महिनाभर रोज सकाळी बाई हाताने चाचपून खुणा करत होत्या.

"कोपऱ्यात तक्ते जोडलेलेच नाहीत. आत पोकळ आहे. आणि हे बघा." त्यांनी खिडकीच्या वर बोट दाखवलं. "इथे हवेची जाळी होती. गिलाव्याखाली बुजवली. राजे, जाड कोटाला आतून अस्तर लावलं आणि घाम जायला वाटच ठेवली नाही, तर काय होतं?"

मला दोनशे प्रयोग घामात भिजलेला माझा तो अंगरखा आठवला. "कुजतो."

"मग माझी बहीण काय कोटापेक्षा स्वस्त आहे?"

मी आलो होतो शेजाऱ्यांचा वकील म्हणून, परत गेलो बाईंचा हुजऱ्या होऊन. योजनेच्या कचेरीला तक्रारीचं पत्र मीच लिहिलं. बाईंनी त्यातली अर्धी विशेषणं खोडली.

तपासणीसाठी एक तरुण अधिकारी बाई आल्या. ठेकेदारही आला, हातात फाइल. "मॅडम, वयस्कर लोक आहेत, भिंतीवर खडूने चित्रं काढतात," तो हसत म्हणाला.

अधिकारी बाईंनी पिशवीतून कॅमेरा काढला. त्यात भिंतीचा गरम भाग पिवळा दिसतो, थंड भाग निळा. त्यांनी तो भिंतीवरून फिरवला, आणि थांबल्या. पडद्यावर कोपऱ्यात निळा डाग होता, खडूच्या वळशाच्या बरोबर आत. पुढचा डागही. त्याच्या पुढचाही. एकूण सात खुणा, सात डाग.

"तुमच्याकडे कोणता कॅमेरा आहे?" त्यांनी टेलरबाईंना विचारलं.

बाईंनी हाताची मागची बाजू दाखवली.

अधिकारी बाईंनी फाइल मागितली. 'हवेची जाळी उघडी ठेवली' यापुढे टिकमार्क होता. त्यांनी वर बघितलं. तिथे गुळगुळीत गिलावा. ठेकेदार छताकडे बघू लागला, जणू जाळी तिकडे सरकली असावी.

"आता?" त्याने विचारलं.

"उसवा," टेलरबाई म्हणाल्या.

अख्खी भिंत उसवली. काळं पडलेलं खरवडलं, तक्ते एकमेकांना भिडवून पुन्हा बसवले, जाळी उघडली. ओल वाळायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस अक्का पुढच्या खोलीत मशीनशेजारी झोपल्या आणि शिलाईत चुका काढत राहिल्या. मग ठेकेदार पुन्हा पेन घेऊन आला.

"कोट काढा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"कोट काढून अक्कांच्या खोलीत तासभर बसा. काम तुमचं, अंगावर घालून बघा."

तो बसला, नुसत्या शर्टावर, खुर्चीत. मी आणि बाई दारात. अक्कांनी त्याला आई आहे का, तिची खोली कुठल्या बाजूला आहे, जाळी उघडी आहे का, सगळं विचारलं. विचारता विचारता त्यांचा डोळा लागला. आम्ही तिघं घड्याळाकडे बघत राहिलो. तास झाला. अक्का एकदाही खोकल्या नाहीत. ठेकेदाराने मानेवरचा घाम हळूच पुसला, आवाज न करता.

बाईंनी फॉर्म मशीनवर ठेवला. 'पूर्ण' हा शब्द खोडला. बाजूला स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'पहिली ट्रायल झाली. दुसरी पुढच्या थंडीत.' आणि खाली सही केली.

"बाई, खाडाखोड चालत नाही हो यावर," तो अगदी हळू म्हणाला, अक्का जाग्या होऊ नयेत म्हणून.

"मग नवा फॉर्म आणा," बाई तितक्याच हळू म्हणाल्या. "मी पुन्हा खोडीन."

त्याने फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. कचेरीने तो खाडाखोडीसकट घेतला, आणि पुढच्या सोमवारी दुसरी खेप सुरू झाली. पहिलं घर माझं. कारागीर तक्ते घेऊन आले, तेव्हा माझ्या खिडकीवरच्या जाळीभोवती निळ्या खडूचा जाडजूड वळसा आधीच काढलेला होता.